नवसाबाईच्या हाताचा गुण

नवसाबाईचे हात भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत माणसाच्या रंगाचे नसत. टमाट्याच्या बांधणीला लागलेल्या बाईचे हात आधी हिरवे होतात, मग काळपट, आणि संध्याकाळी परातीत पीठ घ्यावं तर बोटं डिंक लागल्यासारखी एकमेकांना चिकटतात. साबणानं ते निघत नाही. नव्या सुना राखेनं घासतात, भांड्यांच्या पावडरीनं घासतात, कातडी सोलून घेतात आणि रडकुंडीला येतात. अशा सुनेला नवसाबाई एक हिरवा टमाटा फोडून द्यायची. "याच्या रसानं चोळ. बाकी कशानं जायचं नाय ते." पोरगी चोळायची, हातावरून हिरवं पाणी ओघळायचं, खालून तिचा स्वतःचा हात बाहेर यायचा, आणि ती नवसाबाईकडं अशी बघायची की जणू बाईनं काही करणीच केली.

गाव पिंपळगाव बसवंतच्या अलीकडं, हायवे सोडून ऊस आणि द्राक्षबागांच्या मधून आत शिरणाऱ्या रस्त्यावरचं. ज्याची ऐपत त्याचा बाग, बाकीच्यांचे टमाटे. नवसाबाईचं दोन एकर. नवरा गेल्यावर तिनं ते कुणाला वाट्यानं दिलं नाही. बांबू, तार, सुतळी, सगळं स्वतः उभं राहून करून घेतलं. आता मुलगा महेश बघतो. टमाट्याच्या प्लास्टिकच्या जाळ्या भरायच्या, टेम्पोत चढवायच्या, पिंपळगावला लिलावात उभं राहून व्यापाऱ्याशी हुज्जत घालायची, हे त्याचं. सून निकिता घर आणि म्हशी सांभाळते. नवसाबाईकडं उरलं ते खुडणीचं आणि औषधाचं.

औषधातही दोन जाती होत्या.

फळाचं औषध उघडं. तोंडाची चव गेली, अन्नावरची वासना उडाली, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, की पिकला गावठी टमाटा चिरायचा, वर मिरपूड आणि सैंधव, आणि अनशापोटी खायचा. उन्हानं कातडी करपली, टाच भेगाळली, की गर चोळायचा. हे ती कुणालाही, रस्त्यात उभ्या उभ्या सांगायची. गुण येवो न येवो, टमाटा तर ज्याचा त्याच्या घरचा.

पाल्याचं औषध मात्र झाकलेलं. ते तिला आईकडून आलेलं. आई सटाण्याकडची, मरेपर्यंत अहिराणीत बोलली. लेकीला सासरी पाठवताना तिनं चुलीपुढं बसवून सगळं दाखवलं आणि वर बजावलं, "नाव कोनले सांगू नको. सांगं तं हातना गुण गया." नवसाबाईनं ते पदराला गाठ मारून ठेवलं.

खरं तर करायचं फार काही नव्हतं. गळू असो, काखमांजरी असो, गांधीलमाशी डसलेली जागा असो, टमाट्याचा पाला ठेचायचा, हळद घालायची, तेलात कोमट करायचा आणि वरून बांधायचा. पण त्याचे सोपस्कार होते. आदल्या दिवशी दुखणाईताला कसं बांधायचं ते सांगून ठेवायचं. संध्याकाळी झाडाला आमंत्रण द्यायचं. म्हणजे बुंध्याशी हळदकुंकू, चिमूटभर तांदूळ, आणि हात जोडून "उद्या तुला न्यायला येते". सकाळी उठल्यापासून कुणाशी बोलायचं नाही. मुक्यानं तोडायचं, मुक्यानं ठेचायचं, केळीच्या पानात पुरचुंडी बांधून मुक्यानं हातावर ठेवायची आणि पाठ फिरवायची. घेणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही.

आता ज्या गावात बांधाबांधाला टमाटा, उकिरड्यावर टमाटा, भाव पडला की रस्त्याच्या कडेला टमाटा, तिथं टमाट्याचंच नाव झाकून ठेवायचं म्हणजे चोरानं पोलीस चौकीत मुक्काम करण्यासारखं होतं. पण ते झाकलं गेलं. हळदीनं रंग बदलायचा, तेलानं वास दबायचा, आणि मुख्य म्हणजे आपल्या पायाखालचा पाला औषध असेल असं कुणाच्या मनातच यायचं नाही. कुणी म्हणायचं, वणीच्या डोंगरातली मुळी असते. कुणी म्हणायचं, पेठच्या जंगलातून कोणी आणून देतो. नवसाबाई हो म्हणायची नाही आणि नाही म्हणायची नाही. औषधाला पाला ती एकाच झाडाचा घ्यायची. न्हाणीच्या पाण्यावर दरवर्षी आपोआप उगवणारं गावठी झाड, बोराएवढे आंबट टमाटे धरणारं. शेतातल्या झाडांवर महेश सारखा फवारणीचा पंप चालवायचा. त्या झाडाला मात्र पंपाचं तोंड लागू द्यायचं नाही, अशी घरात सक्त ताकीद होती.

आणि हे सगळं सुरळीत चाललं होतं, लताबाईच्या काखेत काखमांजरी उठेपर्यंत.

लताबाई म्हणजे नवसाबाईची जुनी सोबतीण. दोघींची लग्नं एकाच उन्हाळ्यातली, दोघी एकाच सरीत समोरासमोर खुडायला बसणाऱ्या, एकमेकींच्या वावरात सावडीनं काम करणाऱ्या. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं. भांडणंही तशीच सावडीनं व्हायची. गेल्या सप्टेंबरात लताबाईच्याच वावरात खुडणी चालली होती. लताबाई एक हात अंगाला चिकटवून, पांगळ्या कोंबडीसारखी खुडत होती. नवसाबाईनं डोळ्यांनीच विचारलं काय झालं. आजूबाजूला जाळ्या उचलणारे गडी. लताबाईनं डोळ्यांनीच काख दाखवली आणि तोंड कडू केलं. नवसाबाईनं मान हलवली, म्हणजे उद्या सकाळी देते. एवढ्यात टेम्पो आला, जाळ्या मोजायचा गलका झाला, आणि कसं बांधायचं ते सांगायचं राहून गेलं.

संध्याकाळी नवसाबाईनं झाडाला आमंत्रण दिलं. सकाळी तांबडं फुटायच्या आत पाला तोडला. पानांवर पांढुरके ठिपके दिसले. तिला वाटलं दव असेल, नाहीतर चुलीच्या राखेचा कण उडाला असेल. पदरानं पुसून घेतलं. ठेचलं, कोमट केलं, सुपारीएवढा गोळा केला, पुरचुंडी बांधली.

न्यायला आली ती लताबाईची सून, पायल. पायल सातपूरची. बाप कारखान्यात पाळ्या करणारा, पोरगी सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर वाढलेली. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. तिला हे मुकेपण ठाऊक नव्हतं. पुरचुंडी हातात घेऊन तिनं विचारलं, "काकू, हे कसं घ्यायचं?"

नवसाबाईनं पाठ फिरवली.

"काकू, कसं घ्यायचं सांगा ना. आई विचारतील मला."

नवसाबाई तशीच दाराच्या आत गेली. मनात म्हणाली, लतीला ठावं हाय. एवढ्या वर्षांची सोबत, तिला काय सांगायचं.

पण लतीला ठाऊक नव्हतं. लताबाईला नवसाबाईकडून आजवर मिळालं होतं ते फळाचं औषध, तोंडाला चव नसताना. ते खायचं असतं. गळूचं औषध घ्यायची पाळी तिच्यावर कधी आलीच नव्हती. आणि लताबाईचं स्वतःचं एक वैद्यक होतं. गळू येतं म्हणजे रक्तात उष्णता झालेली असते. उष्णता आत, तर औषध आतच गेलं पाहिजे. पायलनं पुरचुंडी दिली तशी तिनं ती सोडली, देवाचं नाव घेतलं आणि गोळा तोंडात टाकून तांब्याभर पाण्याबरोबर गिळला. कडूजार लागला. औषध म्हटल्यावर कडूच असणार.

उन्हं वर आल्यावर पायल पळत आली. नवसाबाई वावरात सुतळीचं भेंडोळं सोडवत होती. पोरीचा श्वास मावत नव्हता. आईंना उलट्या होताहेत, पोट धरून पडल्यात, हिरवं पडतंय, तुम्ही चला, एवढं तिनं तुटक तुटक सांगितलं. नवसाबाईनं भेंडोळं तिथंच टाकलं.

लताबाई ओट्यावर आडवी होती. तोंडातून लाळ गळलेली, कपाळ घामानं भिजलेलं. शेजारी बादली. नवसाबाईनं बादलीत बघितलं.

"लते, तू खाल्लंस?"

"मंग काय करायचं होतं?" लताबाई डोळे न उघडता म्हणाली. "डोस्क्याला बांधू?"

नवसाबाई ओट्याच्या कडेला बसली. आईनं चुलीपुढं आणखी एक गोष्ट सांगितली होती. पाला पोटात जाऊ द्यायचा नाही. शेळीनं खाल्ला तरी ती दोन दिवस मान टाकते. आजवर कुणाच्या पोटात तो गेला नव्हता. आणि आता गेला तो लतीच्या. तिला वाटलं, गरम पाणी पाजावं, मीठ चाटवावं, काहीतरी करावं. हात पुढं झाला आणि थबकला. आणखी काही द्यायची तिची छाती होईना.

तेवढ्यात तिला ते पांढरे ठिपके आठवले.

आदल्या दिवशी सकाळी, ती वावरात निघाली तेव्हा, महेश पाठीवर पंप अडकवून न्हाणीच्या बाजूनं येत होता. तेव्हा तिनं लक्ष दिलं नव्हतं. आता ते चित्र डोळ्यांपुढं आलं आणि हटेना. गावात सगळेच करतात तसं. पंपात तळाला औषध उरतं, ते फेकायचं जिवावर येतं, मग घराजवळच्या मिरचीवर, वांग्यावर, कशावर तरी मारून टाकायचं. गावठी झाडाची पानं गेल्या आठवड्यात आकसून कोकडली होती, हे तर तिनंच महेशला बोलून दाखवलं होतं. पोरानं आईचं झाड वाचवायला उरलेलं औषध मारलं असेल तर?

तिनं हे कुणाला सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "गाडी बघा. दवाखान्यात न्यायची."

शेजारच्या वावरातला टेम्पो जाळ्या भरून पिंपळगावला निघालाच होता. ड्रायव्हरच्या शेजारी लताबाईला बसवलं, पायल तिला धरून. नवसाबाई मागं, जाळ्यांवर. रस्ता पावसानं उखडलेला. प्रत्येक खड्ड्याला पुढून लताबाईचं "आई गं" ऐकू यायचं, आणि ऐकू आलं की नवसाबाईला बरं वाटायचं, कारण ओरडते आहे म्हणजे आहे. एक मोठा खड्डा असा आला की लताबाई किंचाळलीच, आणि मग गप्प झाली. नवसाबाईनं केबिनवर थापा मारल्या. पायलनं काचेतून हातानं खूण केली, ठीक आहे. काय ठीक आहे ते तिला कळेना. वणीच्या देवीला काय बोलावं, हेही तिला सुचेना. तिचं नावच आईबापांच्या नवसातलं. आता आपण कशाच्या बदल्यात काय मागायचं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

दवाखाना हायवेच्या कडेला, वर कांद्याच्या व्यापाऱ्याचं ऑफिस आणि खाली चार खाटा. डॉक्टरीण तरुण होती. तिनं लताबाईला खाटेवर घेतलं, नाडी धरली, सलाईन लावायला सांगितलं आणि विचारलं, "काय खाल्लं यांनी?"

लताबाई म्हणाली, औषध. कशाचं? लताबाईला माहीत नव्हतं. डॉक्टरणीनं पायलकडं बघितलं. पायलनं नवसाबाईकडं बघितलं.

नवसाबाई भिंतीला टेकून उभी होती. आईचा आवाज कानात होता, चुलीचा धूर नाकात होता. आपल्याजवळ आहे काय? दोन एकर, ते महेशच्या नावावर झालेलं. घर, ते निकिताच्या हाती गेलेलं. गावात तिला लोक विचारतात ते या हाताच्या गुणापायी. लग्नकार्यात पुढं बसवतात ते त्यापायी.

"मावशी," डॉक्टरीण म्हणाली, "मला नाव कळल्याशिवाय पुढचं ठरवता येणार नाही."

"टमाट्याचा पाला," नवसाबाई म्हणाली.

नर्सच्या तोंडावर हसू आलं तसं तिनं ते गिळलं. खाटेवरून लताबाईनं एक डोळा उघडला.

"काय म्हणली?"

"टमाट्याचा पाला. हळद आन् तेल घालून. वरून बांधायचा व्हता, काखंत. मी सांगितलं नाय. बोलायचं नसतं त्या टायमाला." आणि मग जे लताबाईच्या ओट्यावर गिळलं होतं तेही बाहेर आलं. "झाडावर फवारा मारलेला असंल. माझ्या पोरानं. मला नक्की ठावं नाय."

डॉक्टरणीचा चेहरा पालटला तो या दुसऱ्या गोष्टीनं. तिनं बॅटरी घेतली, लताबाईच्या पापण्या वर करून बाहुल्या बघितल्या, पुन्हा नाडी धरली, छातीला नळी लावली. मग नवसाबाईला समजावून सांगितलं. एवढ्याशा पाल्यानं पोट बिघडतं, उलट्या होतात, त्याची तिला तितकी काळजी वाटत नव्हती. काळजी फवाऱ्याची होती. कुठलं औषध, कधी मारलं, हे कळायला हवं. नाहीतर मोठ्या दवाखान्यात नाशिकला हलवावं लागेल, आणि त्याचा निर्णय लवकर घ्यावा लागेल. तोवर ती खाटेजवळून हलणार नव्हती.

पायलनं महेशला फोन लावला. महेश त्याच पिंपळगावात, हाकेच्या अंतरावर, लिलावात. फोन वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. लिलाव चालू असताना बाजारात माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, खिशातला फोन कुठून ऐकू येणार. टेम्पोचा ड्रायव्हर जाळ्या घेऊन तिकडंच निघाला होता. त्याला सांगितलं, महेश दिसला तर आधी फोन करायला सांग, मग जाळ्या उतरव.

नवसाबाई खाटेच्या पायथ्याशी खाली बसली. लताबाईचा एक पाय चादरीबाहेर आला होता, टाचेला भेगा, भेगांत टमाट्याचा काळा चीक. नवसाबाईनं तो पाय मांडीवर घेतला.

"नवसे," लताबाई वरून म्हणाली. आवाज खोल गेलेला.

"काय गं."

"टमाट्याचा पाला?"

"व्हय."

"मी सोताच्या वावरात रोज तुडविते त्यो?"

"त्योच."

लताबाईनं दुसराही डोळा उघडला. "मी समद्या गावाला सांगत फिरले," ती म्हणाली, "नवसीची मुळी वणीच्या डोंगरातली हाय म्हणून. माझ्या भावजयीला सांगितलं. तिच्या माहेराला सांगितलं." मग तिला पुन्हा उमासा आला, आणि नवसाबाईनं बादली पुढं केली.

फोन वाजला तेव्हा पायलच्या हातून तो पडता पडता वाचला. महेशचा आवाज बाजाराच्या कालव्यातून येत होता. काय झालं, कुणाला झालं, तो ओरडून विचारत होता. नवसाबाईनं फोन घेतला. तिला वाटलं होतं आपण त्याला झापू. पण आवाज फुटला तो लहान पोरीसारखा.

"महेश, माझ्या झाडाला काय मारलंस रे काल?"

"कोणत्या झाडाला?"

"न्हाणीजवळच्या. खरं सांग. कोणतं औषध व्हतं?"

पलीकडं नुसता कालवा. कुणीतरी भाव पुकारत होतं. मग महेश कुठंतरी आडोशाला गेला असावा, आवाज साफ झाला.

"औषध कुठलं? ताक व्हतं ते."

"काय?"

"ताक. निकिताचं ताक आंबून गेलतं, ती फेकून देऊन राहिली होती. म्हणलं कोकडा पडलाय तर मारून बघू, लोक मारत्यात. तुझ्या झाडाला औषध मारलं असतं तर तू मला घरात घेतलं असतं का?"

"पंप कोणता व्हता? फवाऱ्याचा?"

"नवा पंप. परवाच आणलाय, औषध शिवलंच नाय त्याला. म्हणलं पयलं ताक मारून नळी बघावी. झालंय काय पण?"

नवसाबाईनं फोन डॉक्टरणीच्या कानाला लावला. डॉक्टरणीनं पुन्हा सगळं विचारलं, पंप कुठला, आधी कशाला वापरला होता, दुसऱ्या कुणी त्या बाजूला फवारलं होतं का. सगळं ऐकून घेतलं. फोन परत दिला, इतका वेळ उभी होती ती स्टुलावर बसली आणि एक लांब श्वास सोडला.

"ताक," ती म्हणाली, आणि आता नर्सनं हसू गिळलं नाही.

नवसाबाईला रडू यायला हवं होतं. आलं नाही. अंगातून काहीतरी निथळून गेल्यासारखं झालं. भिंतीला डोकं टेकून ती नुसती बसून राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण पाणी प्यायलो नाही. पायलनं पाण्याची बाटली दिली. ती अर्धी तिनं एका दमात संपवली, उरलेली पायलच्या हातात कोंबली आणि म्हणाली, पी, तूबी काही प्याली नाहीस.

संध्याकाळपर्यंत लताबाईला ठेवून घेतलं. दुपारनंतर उलट्या थांबल्या, पोटातला पीळ सुटला, आणि पोट रिकामं झाल्याबरोबर तोंड भरलं. तिनं नर्सला सलाईन हळू चालतंय म्हणून सुनावलं, पायलला बादली धुतली नाही म्हणून सुनावलं. कपडे बदलताना नर्सनं पाहिलं तर काखमांजरी फुटून वाहून गेली होती. टेम्पोच्या त्या मोठ्या खड्ड्यात पायलनं तिला सावरायला नेमकी काखेत धरली होती, तेव्हाची ती किंकाळी. डॉक्टरणीनं जागा साफ केली, पट्टी बांधली, गोळ्या लिहून दिल्या.

लताबाईनं मात्र निकाल लावून टाकला. "गुण आला बघ नवसे तुझ्या पाल्याचा. जरा आडमार्गानं आला, पण आला."

"गप पड," नवसाबाई म्हणाली. "खड्ड्याचा गुण हाय त्यो."

निघण्याआधी डॉक्टरणीनं नवसाबाईला समोर बसवलं आणि ती आणखी काय काय देते ते विचारलं. एरवी तिनं तोंड उघडलं नसतं. पण आता झाकायचं काय उरलं होतं? तिनं सांगायला सुरुवात केली आणि सांगतच सुटली. टाचेच्या भेगा, उन्हानं करपलेली कातडी, हिरड्या, तोंडाची चव, गांधीलमाशी, गळू, गोठ्यात डास होऊ नयेत म्हणून टांगलेल्या फांद्या. डॉक्टरीण मधे मधे थांबवत होती. पिकलं फळ खा म्हणावं, त्यात वाईट काही नाही, पण पित्ताचा त्रास असणाऱ्यानं बेतानं. भाजल्यावर मात्र टमाटा नको, काहीच नको, फक्त गार पाणी आणि दवाखाना. गळूवर पाला लावून ते बरं होतं असं ती म्हणणार नाही. ताप आला, लाली पसरली, साखरेचं दुखणं असलं, तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही. काही गोष्टी नवसाबाईला पटल्या, काही पटल्या नाहीत. भाजल्यावर तिनं कित्येकांना टमाट्याचा गर लावला होता. पण वाद घातला नाही. "बरं," म्हणाली. आजच्या दिवसात तिनं कशालाही बरं म्हटलं असतं.

महेश जाळ्या संपवून टेम्पो घेऊन न्यायला आला होता. परतताना लताबाई पुढं, नवसाबाई आणि पायल मागं रिकाम्या जाळ्यांमध्ये. पायल म्हणाली, "काकू, मी अजून जोरात विचारायला पाहिजे होतं."

"तू लय विचारलंस बाई," नवसाबाई म्हणाली. "मीच पाठ फिरवली."

गावात बातमी त्यांच्या आधी पोचली होती. दुसऱ्या दिवशी खुडणीला बायांनी हसून हसून बांबू हलवले. टमाट्याचा पाला, आणि आम्ही त्याला आमंत्रण देणारीच्या दारात मुक्यानं उभ्या राहायचो. एकीनं तर जाता जाता फांदी तोडून डोक्याला लावली आणि कोपरापासून हात जोडले. नवसाबाईला आधी लागलं ते. दिवसभर ती खाली मान घालून खुडत राहिली, आणि आपल्या हाताकडं अधूनमधून बघत राहिली. हात तसेच होते, हिरवे, काळपट.

तिला धास्ती होती ती लोक यायचे बंद होतील याची. झालं उलटंच. लोक आले, फक्त वेळकाळ न बघता आले, आणि तिचं सकाळचं मुकेपण सुटलं. एकाला गांधीलमाशी डसली होती. त्यानं दारातून ओरडून विचारलं, नवसाकाकू, कुठली पानं घेऊ, कोवळी का जून? तिनंही आतून ओरडून सांगितलं. दिवेलागणीपर्यंत सूज उतरली. ती पाल्यानं उतरली का उतरायचीच होती, याच्या फंदात ती पडली नाही. झाडाला आमंत्रण मात्र ती अजून देते. त्यानं काही बिघडत नाही, असं तिचं मत.

महिनाभरानं कुणाच्या तरी सुनेला मांडीवर गळू झालं. सासूबरोबर ती नवसाबाईकडं आली तेव्हा लताबाई ओट्यावर चहा पीत बसली होती. नवसाबाईनं पाला ठेचता ठेचता सांगायला घेतलं. हे टमाट्याचं पान हाय. फवाऱ्याचं घेऊ नको, फवारलेल्याला हात लावू नको. वरून बांधायचं, पोटात जाऊ द्यायचं नाय, पोरासोरांच्या हाती लागू द्यायचं नाय. ताप आला का दवाखाना, लाली पसरली का दवाखाना, आन् साखर हाय का कोणाला घरात, तुला हाय का, तुझ्या आईला हाय का. पोरगी मान हलवून हलवून दमली. पुरचुंडी हातात पडली तरी नवसाबाईचं बोलणं संपेना. ती अंगणापर्यंत तिच्या मागं बोलत गेली.

"काय बाई ही," लताबाई कपबशी खाली ठेवत म्हणाली. "आधी तोंड उघडत नव्हती, आता मिटंना झालीय."

नवसाबाई परत येऊन तिच्याजवळ बसली. कुंपणापलीकडं ती पोरगी अजून दिसत होती. नवसाबाईनं हात तोंडापाशी नेला आणि पुन्हा एकदा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, ओरडून सांगितलं, की खायचं नाय ते.